इसे गावचा ओलोवे: एका योरुबा कोरणाऱ्याची गोष्ट

१९२४ साली लंडनच्या वेम्बली भागात ब्रिटिश साम्राज्याचं भलंमोठं प्रदर्शन भरलं होतं. नायजेरियाच्या दालनात इकेरे नावाच्या गावातल्या राजवाड्याचं एक लाकडी दार उभं केलं होतं. दोन कवाडं, आणि दोन्हींवर वरपासून खालपर्यंत माणसंच माणसं. ब्रिटिश म्युझियमच्या मंडळींच्या ते डोळ्यांत भरलं आणि त्यांनी ते विकत मागितलं. इकेरेच्या राजाने विकायला साफ नकार दिला. ओगोगा हा त्याचा किताब. पैसे नकोत, पण ब्रिटनमध्ये घडवलेलं सिंहासन दिलंत तर बदल्यात दार ठेवून घ्या, असं शेवटी ठरलं. दार आजही लंडनमध्ये आहे. वाड्याची चौकट मात्र रिकामी झाली, म्हणून दुसरं दार कोरून घ्यावं लागलं. ते काम पहिलं दार कोरणाऱ्यालाच मिळालं.

त्याचं नाव ओलोवे. इसे गावचा म्हणून 'इसेचा ओलोवे'.

त्या काळी युरोपातल्या संग्रहालयांत आफ्रिकेतून आलेल्या वस्तूंवर जमातीचं नाव लिहायची पद्धत होती. 'योरुबा, लाकूड' एवढं लिहिलं की काम झालं. कोणी कोरलं हे विचारायचं कोणाला सुचत नसे. त्यातून एक समजूत घट्ट बसली: आफ्रिकी कला म्हणजे अख्ख्या जमातीने पिढ्यानपिढ्या एकाच साच्यातून काढलेल्या मूर्ती, तिथे कलाकार असा कोणी नसतो. ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. इंटिरियरच्या दुकानात 'ट्रायबल आर्ट' म्हणून विकले जाणारे मुखवटे पाहा. ओलोवेची गोष्ट सांगायची ती ही समजूत खोडायला. गावात त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याचं काम दुसऱ्याच्या कामापासून ओळखताही येतं. कसं, ते पुढे बघू.

आधी माणूस. आजच्या नायजेरियाच्या नैर्ऋत्येला योरुबा लोकांचा मुलूख आहे, आणि त्यातल्या डोंगराळ भागाचं नाव एकिती. ओलोवे जन्मला तो एफोन-अलाये गावात, साधारण १८७३च्या आसपास. हे गाव कोरीवकामासाठी आधीपासून नावाजलेलं. तरुणपणी तो इसेला आला आणि तिथल्या राजाच्या, म्हणजे अरिंजालेच्या, पदरी राहिला. राजाचा निरोप्या हे त्याचं काम. पुढे त्याने राजवाड्यासाठी कोरायला घेतलं आणि कीर्ती आजूबाजूच्या संस्थानांत पसरली. १९३८ मध्ये तो वारला.

या तारखांमागे एक लढाई आहे. १८७७ पासून एकिती आणि शेजारची राज्यं बलाढ्य इबादानविरुद्ध लढत होती. किरिजी युद्ध म्हणतात ते हेच. ब्रिटिशांच्या मध्यस्थीने १८८६ मध्ये तह झाला, पण फौजा खऱ्या अर्थाने पांगल्या त्या १८९३ मध्ये. म्हणजे ओलोवेचं पोरवय ते तरुणपण सगळं लढाईच्या सावटात गेलं. शांतता आली तसे ब्रिटिशही आले. त्यांनी राजांना गादीवर ठेवलं आणि त्यांच्यामार्फत कारभार चालवला. राजांची खरी सत्ता आटत चालली. पण वाडे बांधायला, ते सजवायला, आपण राजे आहोत हे चारचौघांत दाखवायला आता सवड होती आणि कारणही. माझ्या मते ओलोवेला एवढं काम मिळालं त्यामागे हा विचित्र योग आहे.

आता कोरायचं कसं, ते.

फर्निचर करणारा सुतार लाकूड वाळायची वाट बघतो. योरुबा कोरणारा उलट ओलं, ताजं तोडलेलं लाकूड घेतो, कारण ते मऊ असतं. काम चालू असेपर्यंत ते वाळू नये, तडकू नये, याची काळजी घ्यावी लागते. झाड तोडण्याआधी त्यातल्या आत्म्याला नैवेद्य दाखवायचा. विशेषतः इरोको नावाच्या झाडाला, कारण त्यात बलवान आत्मा राहतो अशी श्रद्धा. इरोकोचं लाकूड कठीण आणि टिकाऊ, वाळवीला सहसा दाद न देणारं. म्हणून खांबांना आणि दारांना ते उत्तम.

हत्यारं मोजकीच: लहानमोठे वाकस (आडव्या पात्याच्या कुऱ्हाडी), पटाशी, सुऱ्या. लोखंडाची देवता ओगुन. लोहार, शिकारी, कोरणारे, सगळे त्याचे भक्त, आणि मोटारी आल्यापासून ड्रायव्हरही त्यालाच मानतात.

लाकडाचा एकच ओंडका घ्यायचा. तुकडे जोडायचे नाहीत. कागदावर आराखडा नाही, मापाची पट्टी नाही. पहिल्या टप्प्यात मोठ्या वाकसाने ढोबळ भाग पाडायचे: इथे डोकं, इथे धड, इथे पाय. दुसऱ्या टप्प्यात त्या ठोकळ्यांतून कान, हात, गुडघे बाहेर काढायचे. तिसऱ्यात सुरीने पृष्ठभाग गुळगुळीत करायचा. चौथ्यात बारीक काम: केसांच्या वेण्या, डोळ्यांच्या कडा, गालांवरचे वण, मण्यांच्या माळा. यातला पहिला टप्पा सगळ्यात अवघड. एकदा जास्तीचं लाकूड उडालं की परत लावता येत नाही. म्हणून तो उस्ताद स्वतः करतो. मधली घासूनपुसून गुळगुळीत करायची मेहनत शिकाऊ पोरांकडे. शेवटचा हात पुन्हा उस्तादाचा.

ही पोरं बरीच वर्षं उस्तादाच्या घरीच राहत. आधी झाडलोट, हत्यारांना धार लावणं, उस्तादाच्या शेतावर राबणं, कारण बहुतेक कोरणारे शेतीही करत. मग एखादं किरकोळ काम हाती येई. ओलोवेच्या हाताखाली अशी बरीच माणसं होती. एखाद्या राजाने बोलावलं की हा सगळा लवाजमा त्या गावी जाऊन राहायचा आणि काम संपेपर्यंत त्यांच्या राहण्याखाण्याची सोय राजाकडे.

मूर्ती बघताना आपल्याला पहिली खटकते ती डोक्याची मोठाई. खऱ्या माणसाचं डोकं त्याच्या उंचीच्या साधारण सातव्या-आठव्या हिश्शाएवढं असतं. योरुबा मूर्तीत ते चौथ्या, कधी तिसऱ्या हिश्शापर्यंत जातं. कोरणाऱ्याला प्रमाण कळत नव्हतं असं नाही. योरुबा विचारात माणसाचं नशीब त्याच्या डोक्यात असतं. जन्माआधी प्रत्येक जण आपलं डोकं स्वतः निवडून येतो. बाहेरून दिसतं त्याच्या आत एक न दिसणारं डोकं असतं आणि खरं महत्त्व त्याला. मग मूर्तीत सगळ्यात मोठं काय असणार? चेहरेही बहुधा म्हातारे नसतात आणि अगदी कोवळेही नसतात. माणूस ऐन भरात असल्यासारखा दाखवायचा. हुबेहूब चेहरा काढणं हे ध्येय नाही, आणि ओळखू येऊ नये इतकं दूर जाणंही नाही.

हे नियम सगळ्यांना सारखे. मग ओलोवेचं वेगळं काय?

इकेरेच्या वाड्यातला पडवीचा एक खांब घेऊ. तो आता शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. १९१० ते १९१४ या काळात कोरलेल्या चार खांबांपैकी हा एक, उंची साधारण दीड मीटर. समोर राजा बसलाय. डोक्यावर शंकूसारखा मुकुट आणि मुकुटाच्या टोकाला पक्षी. राजाच्या मागे त्याची थोरली राणी उभी. राज्याभिषेकाच्या वेळी राजाच्या डोक्यावर मुकुट ठेवायचा मान थोरल्या राणीचा. खाली पायाशी छोट्या मूर्ती: गुडघे टेकलेली धाकटी राणी आणि बासरी वाजवणारा एशू, म्हणजे योरुबांचा खोडकर देव. पंखा धरणारा एक सेवकही होता, तो आता निखळून गेलाय.

आता नीट बघा. राजा मध्यभागी, चेहरा शांत, पण त्याचे पाय जमिनीला टेकलेले नाहीत. पोटऱ्या बारीक, नुसत्या लोंबकळतायत. मागची राणी त्याच्याहून कितीतरी मोठी, ताठ, आणि सगळा भार सोसतेय ती. मुकुटावरचा पक्षीही बायकांच्या गूढ शक्तीची खूण मानला जातो. राजाच्याच वाड्यात, राजाच्याच खर्चाने कोरलेल्या खांबावर ओलोवेने दाखवलंय की हा माणूस गादीवर बसलाय तो दुसऱ्या कोणाच्या आधारावर. ओगोगाला यात काही वावगं वाटलं नसावं, कारण योरुबा राज्यपद्धतीत ही सर्वमान्य गोष्ट आहे.

तंत्रही पाहा. एरवी खांबाच्या मूर्ती खांबाला धरून, ठोकळ्यात बसलेल्या असतात. ओलोवे मूर्तींच्या मधली जागा पोखरून मोकळी करतो. राजा आणि राणी यांच्या मधून आरपार दिसतं. माना लांब, हात सडपातळ, अंगं एकमेकांकडे कललेली. ओंडका एकच आहे हे विसरायला होतं.

दारावरही हाच हात. उठावाचं काम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फळीवर थोडी वर आलेली आकृती येते. ओलोवेच्या दारात माणसांची डोकी आणि धडं फळीपासून जवळजवळ सुटून पुढे झुकतात, जणू बाहेर येऊन आपल्याकडे बघतायत. मागच्या फळीवर रंगीत भौमितिक नक्षी, त्यामुळे पुढच्या आकृत्या आणखी उठतात. दोन कवाडांवरचे आडवे पट्टे एकमेकांच्या रेषेत नाहीत. साधा सुतार याला चूक म्हणेल, पण त्यामुळेच नजर एका जागी थांबत नाही.

दारावरचा प्रसंग खराखुरा आहे. कॅप्टन ॲम्ब्रोज नावाचा ब्रिटिश अधिकारी इकेरेला ओगोगाच्या भेटीला आला, तो प्रसंग. एका कवाडावर ओगोगा ऐसपैस बसलाय, मागे राणी, भोवती दरबार. दुसऱ्या कवाडावर साहेब येतोय डोलीतून, दोन हमालांच्या मध्ये अंग चोरून बसलेला. मागेपुढे शिपाई आणि डोक्यावर ओझी घेतलेले हमाल. साहेब राज्यकर्ता, राजा त्याच्या हुकमाखाली. पण दाराकडे बघितलं तर पाहुणा कोण आणि यजमान कोण यात शंका राहत नाही. हे दार कौतुकाने वेम्बलीला नेणाऱ्या साहेबांना हा टोमणा कळला होता का, याची मला फार उत्सुकता आहे. ओलोवेच्या मनात टोमणा होता असंही छातीठोक सांगता येणार नाही. त्याने कदाचित फक्त वाड्याचा मान राखला असेल.

तिसरी वस्तू वॉशिंग्टनला, स्मिथसोनियनच्या आफ्रिकी कला संग्रहालयात आहे, आणि मला विचाराल तर ही सगळ्यात अचाट. १९२५च्या सुमाराचं झाकणाचं एक पात्र, उंची साधारण ६४ सेंटिमीटर. गुडघ्यावर बसलेली बाई हातात मोठं भांडं धरून आहे. पाहुण्यापुढे चघळायला कोलाची फळं ठेवायची तिकडची रीत, त्यासाठी अशी पात्रं. झाकणावर चार मुली गोल करून नाचतायत. भांड्याच्या खाली त्याला तोलून धरणाऱ्या मूर्तींचा पिंजरा आणि त्या पिंजऱ्यात एक दाढीवाल्या पुरुषाचं मुंडकं. ते मुंडकं सुटं आहे. हलवलं तर आत गडगडतं, पण बाहेर काढता येत नाही, कारण मूर्तींमधल्या फटी त्याहून लहान. बाहेरून आत घातलेलंही नाही. उलगडा एकच: ओंडक्याच्या आतच, फटींतून सुरी घालून, ते मुंडकं कोरलं आणि शेवटी देठ कापून मोकळं केलं. अशा पात्रात याची काहीही गरज नव्हती. हे निव्वळ 'बघा, मला काय येतं' आहे. परंपरेत कलाकाराला स्वतःचं काही दाखवायला वाव नसतो म्हणणाऱ्यांनी हे पात्र एकदा बघावं.

राजवाड्यांची कामं नेहमीची नसत. कोरणाऱ्याचं पोट चालायचं ते लहान कामांवर. त्यात जुळ्यांच्या मूर्ती महत्त्वाच्या. योरुबांमध्ये जुळ्यांचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त मानलं जातं, आणि पूर्वी त्यातली कितीतरी मुलं दगावायची. एक गेलं की भविष्य बघणाऱ्या बाबालावोच्या सल्ल्याने आईबाप कोरणाऱ्याकडून वीतभर उंचीची मूर्ती करून घेत. आई तिला न्हाऊ घालायची, खाऊ भरवायची, कपडे-मणी घालायची, जिवंत मुलाबरोबर वागवायची. रोज हात फिरून फिरून जुन्या मूर्तींचे चेहरे अगदी झिजून गेलेत. केसांना निळा रंग देत, तो आधी झाडपाल्याच्या निळीचा. पुढे त्या जागी आली रेकिटची निळीची वडी. आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांसाठी रॉबिन ब्लू विकणारी हीच कंपनी.

दुसरं काम मुखवट्यांचं. एकितीतले एपा मुखवटे एका ओंडक्याचे. खाली तोंडावर बसणारं मडक्याएवढं शिरस्त्राण आणि त्यावर घोडेस्वार किंवा मुलांना घेतलेली आई असा सगळा देखावा. वजन वीस-पंचवीस किलोपर्यंत. हे डोक्यावर घेऊन नाचणाऱ्याने मातीच्या उंचवट्यावर उडी मारायची, आणि तोल न जाता उतरला तर वर्ष चांगलं. कोरणाऱ्यासाठी इथे प्रश्न नुसता देखणेपणाचा नाही. वजन एका बाजूला गेलं तर नाचणारा पडेल आणि बोल लागेल तो गावच्या वर्षाला.

एपा मुखवट्यांत ओलोवेच्या तोडीचं नाव म्हणजे ओसी गावचा अरेओगुन, मृत्यू १९५४. त्याचं काम आटोपशीर, भरीव, शांत. ओलोवे मोकळा, उंच, थोडा नाटकी. दोघांच्या वस्तू शेजारी ठेवल्या तर चार मिनिटांत फरक कळायला लागतो.

ओलोवेचं नाव टिकलं कसं? योरुबांमध्ये ओरिकी म्हणजे स्तुतिकवनं म्हणायची रीत आहे, आपल्याकडच्या भाटांच्या बिरुदावलीसारखी, पण ती राजांपुरती नाही. घरातल्या कोणाचीही ओरिकी असू शकते. ओलोवेची एक बायको, ओलोजू-इफून, त्याच्यामागे बरीच वर्षं जगली. १९८८ मध्ये जॉन पेम्बरटन या अमेरिकन अभ्यासकाने तिच्या तोंडून नवऱ्याची ओरिकी टिपून घेतली. ओलोवेला जाऊन तोवर पन्नास वर्षं झाली होती. त्या ओरिकीत त्याच्या देखणेपणाचं कौतुक आहे, आणि इरोकोचं कठीण लाकूड तो भोपळ्यासारखं मऊ असल्यागत कोरायचा असंही आहे. मग गावांची यादी: ओवोला जा, तिथे माझ्या नवऱ्याचं काम आहे, इकारेला जा, तिथे आहे, इगेदे, ओग्बागी, अकुरेच्या राजाचा वाडा, सगळीकडे आहे. त्याने हाताने घडवलेला एक सिंह इंग्लंडला नेल्याचाही उल्लेख येतो. पुढच्या अभ्यासकांना ही यादी फार कामाला आली. कोणत्या वाड्यात काय शोधायचं हे तिने सांगून ठेवलं होतं. १९९८ मध्ये स्मिथसोनियनने एकट्या ओलोवेच्या कामाचं प्रदर्शन भरवलं.

दरम्यान योरुबा मुलखात धंदा बदलला होता. इस्लाम आणि ख्रिस्ती धर्म पसरले, जुन्या देवांच्या मूर्तींची मागणी घटली, राजवाड्यांत सिमेंट आलं. १९४७ मध्ये केव्हिन कॅरल नावाच्या पाद्र्याने ओये-एकितीला एक कार्यशाळा सुरू केली. विचार असा, की या हातांना चर्चची कामं द्यावीत. अरेओगुनचा मुलगा जॉर्ज बांदेले तिथे उस्ताद होता. त्याच्या हाताखाली शिकायला इला-ओरांगुन गावचा लामिदी फाकेये आला, १९२८ चा जन्म, कोरणाऱ्यांच्याच घरातला. बांदेले वंशपरंपरेने मूर्ती कोरणारा, फाकेये मुसलमान, आणि दोघे मिळून चर्चची कामं करत होते. बाळ येशूला भेटायला आलेले तीन राजे तिथे योरुबा राजांच्या वेशात येतात. यात कोणाला अडचण वाटल्याचं दिसत नाही. काम ते काम.

फाकेये पुढे इफेच्या ओबाफेमी अवोलोवो विद्यापीठात शिकवू लागला. योरुबांचा मूळपुरुष ओदुदुवा याची त्याने कोरलेली मूर्ती तिथेच आहे. २००९ मध्ये तो गेला. ओंडका, वाकस, चार टप्पे, सगळं त्याने जुनंच ठेवलं. बदललं होतं गिऱ्हाईक: विद्यापीठं, सरकारी इमारती, परदेशातले संग्राहक. आणि हे गिऱ्हाईक दूरचं असल्यामुळे असेल, तो लाकडावर आपलं नाव आणि साल कोरायचा.